दारातला बँड

तरीफ कँप, अबुधाबी
२७ सप्टेंबर १९६४

पुन्हा पाऊसच. कमरूभाई, मी तुला पावसाचं विचारलं होतं काय? मी एक सरळ सवाल टाकला होता, हो किंवा नाही एवढंच लिहायचं होतं. तू दोन पानं भरलीस ती कशानं? तर झाडं पिवळी पडायला लागली, धुकं कारखान्याच्या चिमणीवर बसून राहतं, कपडे वाळत नाहीत, आणि गुरुवारी बँडवाल्यांची तालीम असते. खाली ‘सर्वांना सलाम’. मग माझा सवाल कुठं गेला? धुक्यात?

तू म्हणशील, धाकटा असून तोंड वर करून विचारतो. विचारणार. तू बोटीवर गेलास तेव्हा मी चड्डीत होतो. तुझ्या आगबोटीची शिट्टी ऐकून दाभोळच्या धक्क्यावर पळालो आणि आपटलो, त्याची खूण गुडघ्यावर आहे. आता मला मिशा आहेत, आणि माझ्या निकाहची बोलणी झालीत. ती कुणाशी झालीत ते तुला मागच्या पत्रात लिहिलं, तरी तू पाऊस लिहिलास.

मी सगळं पहिल्यापासून मांडतो, म्हणजे तुला पळायला वाट नको.

सहा वर्षांपूर्वी तुझं एक पत्र आलं. ते मोहल्ल्यात सगळ्यांना पाठ आहे, मलाही आहे. ‘रविवारी आमच्या दारात बँड वाजला. सगळी गल्ली बाहेर आली होती. मला नवा काळा कोट शिवला. पाऊस होता तरी कुणी हललं नाही. घरात फुलंच फुलं. घरवाली फार रडली. अम्मा, माझी फिकीर करू नकोस.’ हे पत्र वाचून दाखवलं हमदुल्लाचाचानं. चाचा म्हणजे कोण ते तुला माहीत आहे. बोटीवर खलाशांचा स्वयंपाक करायचा आणि एकदा लिव्हरपूलच्या धक्क्यावर उतरला होता, म्हणून अख्ख्या विलायतेचा जाणकार. त्यानं चष्मा काढला आणि म्हणाला, “खतीजाबाय, दारात बँड, अंगात नवा कोट, घरात फुलं आणि घरवाली रडते. आता आणखी काय, निकाहनामा पाठवायचा त्यानं?”

आपल्याकडे दारात बँड कधी वाजतो? चिपळूणहून लाल डगलेवाले येतात ते कशासाठी येतात? अम्मानं काही विचारलं नाही. डोक्यावर पदर घेतला आणि खैरुद्दीनमामूच्या घरी गेली. त्याला म्हणाली, “माझ्या पोरानं मेम केली. तुझी बिलकीस मोकळी.” त्या दिवसापासून तुझं नाव घरात नाही. तुझी पत्रं येतात ती अम्मा फोडत नाही. न फोडता ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. मी तिथूनच तुझा पत्ता उतरवून घेतला.

बिलकीसनं काय केलं? काही नाही. आलेल्या प्रत्येक स्थळात खोड काढली. एकाची मान लांब, एकाच्या घरात विहीर नाही. मामू थकला. आता अम्मा आणि मामूनं मिळून ठरवलंय की थोरल्यानं शब्द मोडला तो धाकट्यानं राखायचा. ईदनंतर निकाह. मी कामावर इकडे, मला पत्रानं कळवलं. मी हो म्हणालो. अम्माच्या शब्दाबाहेर कसा जाऊ? मला स्वतःला घाई नाही.

पण बिलकीसनं सायराच्या तोंडून निरोप पाठवला. आपल्या बहिणीनं तो जसाच्या तसा लिहिलाय, मीही तसाच देतो: “कमरुद्दीननं आपल्या हातानं लिहून द्यावं की त्याचं लग्न झालं. मग मी कबूल म्हणेन. नाहीतर काझीपुढं, सगळ्या जमातीत, नाही म्हणेन.” ती म्हणेल. तिची जीभ तुला माहीत आहे, माझ्याहून एक वर्षानं मोठी आहे तरी लहानपणी मला मारायची.

तेव्हा ‘हो’ लिही. एक अक्षर. मेमचं नाव नको, पोरं किती ते नको. मी खोर फक्कानला लाँचमधून उतरलो तेव्हा छातीभर पाण्यात कपड्यांचं बोचकं डोक्यावर धरून चालत आलो, दुबईत गोदामात गोण्या वाहिल्या, हॉटेलात बशा धुतल्या, दोन्हीकडे भांडून सोडलं. आता इथं तेलकंपनीच्या पॉवरहाऊसमध्ये ग्रीसवाला आहे. इथंही मन लागत नाही, कुवेतला जावं म्हणतो. पण निकाहचा विचार करून बूड टेकून बसलोय. दुबई सोडताना हिरवं जॉर्जेट घेतलं, सायरासाठी.

लवकर लिही.

अजीज


तरीफ कँप
२५ ऑक्टोबर १९६४

धुकं, ओली पानं, बँड. तुला शरम नाही.

या वेळी तर बँडवाल्यांनी स्पर्धेत दुसरा नंबर मारला आणि ढोलवाल्याला सर्दी झाली हेसुद्धा लिहिलंस. त्या ढोलवाल्याच्या सर्दीचं मी काय करू? बिलकीसला कळवू?

पण एक गोष्ट झाली म्हणून रागातसुद्धा लिहितो. आमचा फोरमन बदलला. नवा आला तो प्रॉबर्टसाहेब. लाल चेहरा, पांढऱ्या भुवया. लढाईत देवळालीच्या छावणीत होता, त्यामुळे मोडकं हिंदी बोलतो. मी विचारलं, “साहेब, इंग्लंड?” तर असा बघायला लागला की जशी मी त्याच्या बापाला शिवीच दिली. “इंग्लंड नहीं. वेल्स!” मी म्हटलं, माझा भाऊ वेल्समध्ये आहे. गावाचं नाव मला सांगता येईना, तुझ्या पाकिटामागचा पत्ता नेऊन दाखवला. तो हसला. तुझ्या गावापासून दोन डोंगर सोडून त्याचं गाव. त्या दिवसापासून माझा भाव वाढला. तय्यब म्हणतो, “तुझा भाऊ काय राजा आहे काय तिकडचा?” हा तय्यब महाडचा, माझ्या खाटेशेजारी त्याची खाट, कँपच्या किचनमध्ये आहे.

साहेबाला घरचं पत्र आलं की तो पॉवरहाऊसच्या सावलीत बसून वाचतो आणि मग मला बातमी देतो. पहिल्यांदा म्हणाला, “अजीज, ऑटम बहुत खराब है इस साल.” आवाज असा पडलेला. मला वाटलं, ऑटम म्हणजे त्याची कुणी बहीण किंवा वहिनी असणार. मी छातीवर हात ठेवून म्हटलं, “अल्ला शिफा दे, साहेब. डॉक्टर क्या बोलता है?” तो इतका हसला की भुवया हलायला लागल्या. मग समजावलं. ऑटम म्हणजे पानं गळतात तो मोसम. आपल्याकडे त्या दिवसांत भात कापतात, कातळावर वाळत घालतात, ऊन चटचट लागतं. तिकडे म्हणे सूर्य आजारी पडतो. तू लिहितोस ते तेच. पण तुझं वाचून मला फक्त राग यायचा, साहेबाच्या तोंडून ऐकलं तेव्हा थोडं दिसलं. दिवसाढवळ्या दिवे, ओल्या रस्त्यावर चिकटलेली पानं, कोळशाचा वास, आणि कुठूनतरी बाजाचा आवाज.

बाजासुद्धा आहे हो त्याच्याकडे. कॉर्नेट. आपल्या बँडमधल्या बिगुलाचा धाकटा भाऊ म्हण, वर तीन बटनं. वाळूनं बटनं अडकतात. ती साफ करायचं आणि पितळ ब्रासोनं घासायचं काम माझं. घासायला बसलो की त्याचं बोलणं सुरू. त्याच्या मुलखात म्हणे गाव तिथं बँड. कारखान्याचा वेगळा, खाणीचा वेगळा. लोक भाकरी विसरतील पण बँडची तालीम नाही. पाऊस आणि बँड, बँड आणि पाऊस. मी मनात म्हटलं, आता कळलं हा रोग कुठून लागला माझ्या भावाला.

परवा मी विचारलंच. “साहेब, घरची दुसरी काही बातमी नसते? नुसता मोसम?” तो पत्राची घडी घालत होता. बराच वेळ घालत होता. म्हणाला, “मोसम का बात करता है, अजीज. दूसरा बात शुरू किया तो बंद नहीं होगा.” नंतर तय्यबनं सांगितलं, ऑफिसातल्या क्लार्ककडून त्याला कळलं, साहेबाचा मुलगा तिकडे छातीच्या रोगानं पडून आहे. पत्रात बायको लिहिते, पाऊस आहे. हा वाचतो, पाऊस आहे. दोघांना कळतं.

हे तुला का लिहिलं कोण जाणे. तुझ्या पावसामागं काय आहे? मेम भांडते का?

तय्यबची एक गंमत सांगतो, म्हणजे तू म्हणणार नाहीस की अजीज नुसता ओरडतो. काल जेवताना तय्यब म्हणाला, “मुंबईला डोंगरीत माझी घरवाली एवढी खडूस, पाण्याची बादली मोजून द्यायची.” आम्ही सगळे ओरडलो, “अरे तुझी घरवाली तर महाडला! डोंगरीला दुसरी केलीस?” तो संतापला. “खोलीची घरवाली रे हरामखोरांनो! भाडं घेते ती!” अजून त्याला सगळे विचारतात, महाडची बरी की डोंगरीची.

हो का नाही, लिही. रमझान लागायला फार दिवस नाहीत.

अजीज


तरीफ कँप
१५ नोव्हेंबर १९६४

कमरूभाई,

तुझ्या उत्तराची वाट न बघता लिहितो. हे पत्र मी मागच्या शुक्रवारीच लिहायला हवं होतं. नाही लिहिलं. का ते विचारू नकोस. आज लिहितोय ना.

शुक्रवारी सुट्टी. दुपारी साहेबाच्या खोलीबाहेर बसून मी कॉर्नेट घासत होतो. तय्यबही होता, साहेबाचा डबा घेऊन आलेला. साहेबानं बाजा हातात घेतला आणि एक चाल वाजवली. अशी संथ की माणूस चालता चालता थांबावा. मी आपलं विचारलं, “शादी का गाना, साहेब?” त्यानं बाजा खाली घेतला. “शादी?”

मी म्हटलं, “बँड दारात येतो ना तुमच्याकडे? नवरा-नवरीच्या?”

“शादी में नहीं. शादी में चॅपल, केक, खलास.”

“मग दारात कधीच येत नाही?”

“मेरे दरवाजे पे एक बार आया,” तो म्हणाला. “मेरा बाप मरा, तब.”

मग त्यानं सांगितलं, आणि मी हातातलं फडकं तसंच धरून ऐकत राहिलो. बाप खाणीत होता आणि बँडमध्येही होता. तो गेला तेव्हा त्याचे बँडवाले घरापुढं येऊन उभे राहिले आणि त्यांनी हीच चाल वाजवली. पाऊस पडत होता. सगळी गल्ली दारांतून बाहेर आली, पुरुषांनी टोप्या काढल्या, कुणी हललं नाही. घरात फुलं ठेवायला जागा नव्हती. साहेब चौदा वर्षांचा होता. शेजारच्या शिंप्यानं त्याला नवा काळा कोट शिवून दिला.

कमरूभाई, ते तुझं पत्र होतं. तो तुझंच पत्र वाचत होता, न बघता.

पण एक गोष्ट अडली. मी विचारलं, “साहेब, आणि घरवाली? वाइफ? ती रडली?” तो म्हणाला, “किस का वाइफ? मैं चौदा साल का.” मी म्हटलं, तुमची नाही, माझ्या भावाची, त्यानं लिहिलंय घरवाली फार रडली. साहेब म्हणाला, “तेरा भाई किधर रहता था? अपना घर?” मी म्हटलं, नाही, तेव्हा कुणाच्या तरी घरी भाड्यानं. “तो लँडलेडी होगी.” मी तय्यबकडे बघितलं, लँडलेडी म्हणजे काय. तय्यब डब्याचं झाकण लावत होता. मान वर न करता म्हणाला, “भाडं घेते ती. घरवाली.”

मी तेलाच्या ड्रमवर बसलो. ऊन लागून तो तापला होता तेही कळलं नाही.

तुझ्या दारात बँड आला तो मय्यतीचा. तू राहत होतास त्या घरात कुणी मेलं होतं. तू अम्माला घाबरवायचं नाही म्हणून मेल्याचं लिहिलं नाहीस, बाकी सगळं लिहिलंस. आणि आम्ही इकडे तुझं लग्न लावून टाकलं! हमदुल्लाचाचा तर दोन महिने तुझ्या मेमचा रंग कसा असेल ते सांगत फिरत होता.

आणखी एक. त्या पत्रापासून तुझं अक्षर बदललं. आधी कसं होतं, मास्तर तुझी पाटी दुसऱ्यांना दाखवायचे. आता डावीकडे पडतं, मुंग्या चालल्यासारखं. मी समजलो, इंग्रजी लिहून लिहून वाकडं झालं. आज मला तसं वाटत नाही. तुझ्या उजव्या हाताला काय झालंय?

आणि मी इतक्यांदा विचारलं तरी तू ‘नाही’ का लिहिलं नाहीस, ते सांग. माझ्या पहिल्या पत्रात बिलकीसचं आणि माझं ठरलंय असं होतं, म्हणून? वाट मोकळी करून देत होतास मला? कुणी मागितली होती?

तय्यबला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “येड्या, तुला काय पडलंय? त्याला तोंड आहे, त्यानं नाही म्हणायचं. तू गप्प राहा, ईद होऊ दे.” मी आठवडाभर गप्प राहिलो. जॉर्जेट पेटीतून काढून पुन्हा घडी घातली. सायराला हिरवा रंग आवडत नाही, हे मला दुबईतच माहीत होतं.

आज सकाळी सायराला पत्र टाकलं. बँडचं, कोटाचं, घरवालीचं, आणि हाताचं जे मला वाटतं तेही. तुला आता पाऊस लिहून चालायचं नाही.

तुझा
अजीज


तरीफ कँप
२७ डिसेंबर १९६४

कमरूभाई,

तुझं पत्र मिळालं. पहिल्यांदाच त्यात मोसम नव्हता.

मी ते तय्यबला दाखवलं नाही. पॉवरहाऊसमागं जाऊन वाचलं. एव्हन तुझा घरमालक, कारखान्यातला तुझा जोडीदार आणि बँडमधला मोठ्या बाजाचा वाजवणारा. तापलेली सळई सुटली तेव्हा त्यानं तुला ढकललं आणि स्वतः राहिला. तुझी चार बोटं गेली. त्याच्या बायकोनं तुला घरातून काढलं नाही, उलट नवऱ्याच्या जागी जेवायला बसवलं. कारखान्यानं हलकं काम दिलं, बँडच्या हॉलची झाडलोट आणि बाजे पुसणं. म्हणून पत्रांत बँडच बँड. मी इकडे साहेबाचं पितळ घासतो, तू तिकडे सगळ्या गावाचं. अम्माचे दोन्ही पोरगे ब्रासोवाले.

तू लिहितोस, ‘मेम नाही, कधी नव्हती. पण आता कळून काय उपयोग? आठ-नऊ महिने बसून काढले तेव्हाच ठरवलं, अर्ध्या हाताचा माणूस कुणाच्या गळ्यात बांधायचा नाही. अम्मानं उत्तर बंद केलं तेव्हा वाटलं, बरंच झालं. तू निकाह कर, माझा हुकूम समज.’

तुझा हुकूम मी मानत नाही. तिनं सांगितलं होतं, हो लिहून दे. तू ‘नाही’ लिहिलंस. खलास.

आता घरचं ऐक. सायराचं पत्र कालच आलं, शुक्रवारच्या लाँचची डाक. तिनं माझं पत्र अम्माला वाचून दाखवलं. बँडचं ऐकताना अम्मा तांदूळ निवडत होती, निवडतच राहिली. हाताचं आलं तेव्हा सूप खाली ठेवलं. “कुठला हात?” सायरा म्हणाली, “उजवा, अम्मा. अजीजला वाटतं तसं.” अम्मा म्हणाली, “मग जेवतो कसा?”

मग उठून ट्रंक उघडली, कपड्यांच्या खालची तुझी सगळी पत्रं काढली आणि सायरापुढं टाकली. “वाच.” सायरानं एकेक फोडून वाचलं. पाऊस, धुकं, ढोलवाला, पानं, गुरुवारची तालीम. शेजारणी जमल्या, झुबेदाफुफी आली, हमदुल्लाचाचा दारात येऊन उभा राहिला आणि आत यायची हिंमत होईना. सायरा लिहिते, दुपारभर आपल्या ओट्यावर तुझा पाऊस पडत होता. शेवटी अम्मा चाचाला म्हणाली, “हमदुल्ला, तू लिव्हरपूलला नक्की उतरला होतास ना?” चाचा म्हणाला, “उतरलो होतो बाय, पण पाऊण तासच.”

आणि बिलकीस. तिला मामूच्या घरी जाऊन सायरानंच सांगितलं. ती म्हणाली, “हात गेला म्हणून तोंड गेलं होतं काय त्याचं? दुसऱ्याकडून लिहून घेता येत नव्हतं? सहा वर्षं मी लोकांच्या माना मोजत बसले!” मग मामूला बोलली, अम्माला बोलली, चाचाला तर त्याच्या दारात जाऊन बोलली. सायरा म्हणते, सहा वर्षांत ती एवढी बोलली नव्हती. फार चिडलीय. तू आलास की तुझी खैर नाही. भाई, तिला तसं चिडलेलं मी लहानपणापासून बघतोय. परक्यावर ती कधी चिडत नाही.

माझं विचारशील. माझं काही नाही. मी अम्माच्या शब्दासाठी हो म्हटलं होतं, तो शब्द आता लागत नाही. कुवेतचा विचार सोडला. प्रॉबर्टसाहेब म्हणतो, मशीन शिक, फिटर करतो. त्याच्या मुलाला आता बरं आहे, बायकोनं लिहिलं, ऊन पडलंय. ऐकून मी म्हटलं, “मुबारक, साहेब.” या वेळी तो हसला नाही, हात मिळवला. तुझ्या गावी त्याचा एक मेहुणा आहे, त्याला त्यानं चिठ्ठी टाकलीय. बोटीचं तिकीट आणि कागदपत्रं तो तुला करून देईल. इंग्रजीत अडू नकोस.

तय्यब ईदला घरी चाललाय. महाडहून दाभोळला जाऊन येतो म्हणाला. जॉर्जेट त्याच्याकडे दिलंय, सायराकडे द्यायला. सायराला आवडणार नाहीच. जिला शोभेल तिला ती देईल, किंवा तू आल्यावर तूच दे. रंग चांगला आहे, नुसता हिरवा नाही, उन्हात धरला की आत निळा दिसतो.

अम्माची एक अट आहे, सायरानं दोनदा लिहिलीय. तुझा निकाह होईल तेव्हा दारात बँड नको. चिपळूणचे लाल डगलेवाले नकोत, काही नको. तिला आता तो आवाज सहन होणार नाही. मी साहेबाला ते सांगितलं तर तो म्हणाला, मग एकच कॉर्नेट, एकदम धीरे. मी म्हटलं, अम्माला विचारून कळवतो.

ईदला मला सुट्टी नाही. नवीन आहे, मागितलीही नाही.

इथली हवा छान आहे. काल सकाळी ढग आले, वाळूवर पाच मिनिटं पाऊस पडला. गेटवरचा सुहैल हात वर करून “रहमत, रहमत” म्हणत बाहेर उभा राहिला, मीही त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिलो. वाळूला भातखाचरासारखा वास आला, मग गेला. थोडी सर्दी झालीय, म्हणून डोळ्यांना पाणी येतं. बाकी थंडी बेताची. संध्याकाळी वारा सुटतो. तिकडे आता काय, बर्फ पडला असेल. मफलर गुंडाळून निघ.

निकाहसाठी मी बाजूला ठेवलं होतं ते निकाहलाच लागेल. अबुधाबीला बँकेत जाऊन ड्राफ्ट काढलाय, तो या पत्रात आहे. तुझ्या नावावर, पंचाहत्तर पौंड, म्हणजे आपले एक हजार रुपये.

अजीज